तोंड येते तेव्हा

सांगलीच्या हळद बाजारातील अडत्याचे एक घर डोळ्यांसमोर आणावे. तीन पिढ्या एका छताखाली नांदत आहेत. थोरला मुलगा पेढी सांभाळतो, धाकटा सौद्यांना उभा राहतो, आणि ६७ वर्षांचे अण्णा रोज सकाळी बस्तीत दर्शन घेऊन तासभर तरी गादीवर येऊन बसतात. निदान ज्येष्ठापर्यंत तरी बसत होते. त्यानंतर मानेतील गाठ तपासली गेली, लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे निदान झाले आणि दर २१ दिवसांनी केमोथेरपी सुरू झाली.

तिसरी खेप भाद्रपदात आली. घरात दशलक्षण पर्वाची लगबग होती. औषध चढविल्यानंतर आठवडा लोटला आणि अण्णांचे जेवण कमी झाले. भाकरी बंद झाली, मग आमटी, मग भातही. “पर्वाचे दिवस आहेत, त्यांचे मन आता खाण्यात कुठे असणार?” असे आक्का म्हणाल्या आणि ते सर्वांना पटले. अण्णांनीही ते खोडून काढले नाही. त्यांचे बोलणे कमी झाले, तेही मौनात जमा धरले गेले.

खटकले ते एकट्या थोरल्या सुनेला. वरणात मीठ नेहमीचेच असूनही पहिल्या घासाला अण्णांच्या डोळ्यांत पाणी आले, हे तिने पाहिले. सकाळी उशीचा अभ्रा लाळेने भिजलेला असे आणि त्यावर फिकट तांबूस डाग असत. नवव्या दिवशी तिने सरळ विचारले, “अण्णा, तोंड दाखवता का?” त्यांनी हात झटकला. “उष्णता झाली आहे ग. जाईचा पाला चघळला की जाईल.” ती हटली नाही. नातवाने मोबाइलचा दिवा धरला. टाळूवर, हिरड्यांवर आणि जिभेच्या कडेला बारीक बारीक व्रणांचे पुंजके होते, काही एकमेकांत मिसळून त्यांच्या कडा वेड्यावाकड्या झालेल्या. थोरल्या मुलाने औषधाच्या दुकानातून तोंडाला लावायचे मलम आधीच आणून ठेवले होते. सुनेने ते बाजूला ठेवले आणि रुग्णालयाच्या फाइलवरील क्रमांकावर फोन केला. पलीकडून परिचारिकेने तीन गोष्टी सांगितल्या: मलम लावू नका, ताप मोजा, आणि अंगात ताप असेल तर उद्याची वाट न पाहता आत्ताच निघा. तापमापकावर पारा १०० च्या पुढे गेलेला होता. अर्ध्या तासात गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली.

हे घर कल्पनेतले आहे. पण पेठांच्या गावांत अशी घरे अनेक आहेत. तोंड येणे ही मराठी घरांत इतकी परिचित गोष्ट आहे की तिची भीती कोणालाच वाटत नाही. पोट साफ नसेल, जागरण झाले असेल, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घ्या, तुरटीच्या पाण्याने गुळण्या करा, एवढ्यावर विषय संपतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो बहुधा संपतोही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती उतरलेली आहे, त्याच्या बाबतीत हाच सवयीचा उपाय घातक विलंब ठरू शकतो. फरक व्रणात जेवढा असतो, त्याहून अधिक तो ज्या माणसाच्या तोंडात आहे त्या माणसात असतो.

निष्क्रिय खाते

बँकेत ज्या बचत खात्यावर दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केलेला नसतो, ते खाते निष्क्रिय ठरते. पण निष्क्रिय म्हणजे बंद नव्हे. शिल्लक तशीच असते आणि योग्य वेळ येताच व्यवहार पुन्हा सुरू होऊ शकतो. मानवी शरीरात काही विषाणू याच रीतीने राहतात.

त्यांतील एक म्हणजे हर्पिस सिंप्लेक्स, प्रकार पहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो बालपणी लाळेतून, घरातल्याच कोणाकडून मिळालेला असतो. पहिल्या वेळी थोडा ताप, हिरड्यांना सूज, तोंडात फोड एवढा त्रास होतो. अनेकदा तेवढाही होत नाही. त्यानंतर विषाणू शरीराबाहेर जात नाही. चेहऱ्याची संवेदना वाहणारा जो तीन शाखांचा मोठा मज्जातंतू आहे, त्याच्या मुळाशी तो जाऊन बसतो आणि आयुष्यभर तेथेच राहतो. ताप, कडक ऊन, ताण अशा निमित्ताने तो अधूनमधून जागा होतो आणि ओठाच्या कडेला पाणीदार पुरळ उठवतो. निरोगी शरीर आठ-दहा दिवसांत त्याला पुन्हा जागेवर बसवते.

हे जागेवर बसविण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशींचे. केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. त्यात कर्करोगाच्या पेशी मरतात, तशाच अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात, आणि तोंडाच्या आतील नाजूक अस्तरही झिजते. औषधानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली असते. अण्णांचा नववा दिवस नेमका त्या खाईतला होता. पहारा उठलेला आणि भिंतही पातळ झालेली, अशा वेळी जुना विषाणू बाहेर येतो तो ओठाच्या कडेवर थांबत नाही. तो टाळू, हिरड्या, जीभ, घसा, कोठेही पसरतो. व्रण मोठे, खोल आणि फार दुखरे होतात व औषधाविना आठवडेच्या आठवडे भरत नाहीत. त्या उघड्या व्रणांतून तोंडातील जंतूंना रक्तात शिरण्याची वाट मिळते. म्हणूनच पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ अंश फॅरनहाइट एवढा ताप ही तातडीची वेळ मानली जाते. तापाची गोळी देऊन रात्र काढण्याची ती वेळ नव्हे.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या ज्या रुग्णांच्या शरीरात हा विषाणू आधीपासून आहे, त्यांच्यापैकी सुमारे ७० ते ८० टक्के जणांत प्रतिबंधक औषधाविना तो पुन्हा जागा होतो. त्यामुळे अशा रुग्णांना विषाणूरोधक औषध आधीच सुरू करण्याची पद्धत रूढ झाली आहे.

दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाची गोष्टही येथेच समजून घ्यावी. तोंड आल्यावर लावायच्या काही मलमांत स्टेरॉइड असते. साध्या व्रणाची आग ते शमवते. पण ते स्थानिक प्रतिकारशक्ती दाबूनच. विषाणूच्या व्रणावर ते लावणे म्हणजे राहिलेला पहारेकरीही रजेवर पाठविणे होय. परिचारिकेने सर्वप्रथम मलम थांबविले, त्याचे कारण हे.

अर्ध्या तोंडाची वेदना

दुसरे निष्क्रिय खाते कांजिण्यांचे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी मागे राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती खालावली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. त्यालाच आपल्याकडे नागीण म्हणतात. कमरेवरची किंवा छातीवरची नागीण सर्वांनी ऐकलेली असते. ती तोंडातही उठते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

चेहऱ्याच्या मज्जातंतूची मधली किंवा खालची शाखा सापडली, तर पुरळ दिसण्याआधी काही दिवस दात ठणकल्यासारखी तीव्र वेदना होते. दात निरोगी असतो, तरी रुग्ण दाढ काढून टाका म्हणून हट्ट धरतो. मग टाळूवर, जिभेवर किंवा गालाच्या आत फोड उठतात आणि त्यांची एक खूण अचूक असते: ते तोंडाच्या एकाच बाजूला असतात आणि मध्यरेषेशी येऊन थांबतात. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. विषाणू एका मज्जातंतूच्या हद्दीत चालतो म्हणून पट्टा अर्ध्यावर तुटतो, एवढाच त्याचा अर्थ. खरी भीती निराळी आहे. प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर नागीण अंगभर पसरू शकते, चेहऱ्यावरची नागीण डोळ्याला इजा करू शकते, आणि पुरळ गेल्यावरही वेदना महिनोन्महिने मागे राहू शकते. क्वचित जबड्याच्या हाडाचा भाग मरून दात गळतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाल्यास त्याचा लाभ सर्वाधिक मिळतो. गेरूचा लेप आणि मंत्र यांत जातात ते नेमके हेच तीन दिवस.

या आजारावर आता लस आहे. जिवंत विषाणू नसलेली, दोन मात्रांची नागिणीची लस २०२३ पासून भारतात ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी मिळू लागली आहे. ती महाग आहे आणि ती केव्हा घ्यावी हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. पण प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू होण्याआधी हा प्रश्न विचारून घेण्याजोगा आहे. घरातील नातवंडाला कांजिण्या आल्या आणि आजोबा अशा उपचारांवर असतील, तर पुरळ दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आणखी दोन विषाणूंची ओळख असावी. सायटोमेगॅलो विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात गुपचूप राहतो. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेल्यांच्या तोंडात तो कधी एखादाच खोल, न भरणारा व्रण करतो. तो ओळखण्यासाठी व्रणाचा तुकडा तपासावा लागतो. दुसरा एप्स्टाइन-बार विषाणू. तो जिभेच्या कडेला पांढरे, उभ्या सुरकुत्यांचे चट्टे उठवतो. बुरशीचा पांढरा थर कापसाने पुसला तर बऱ्याचदा निघतो. हा चट्टा निघत नाही आणि दुखतही नाही. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डेबोरा व जॉन ग्रीनस्पॅन या दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या चट्ट्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एचआयव्हीची रक्ततपासणी सर्वत्र उपलब्ध नसलेल्या त्या काळात जिभेवरची ही खूण आजाराची पहिली वर्दी देत असे. ज्या घरांत या आजाराचे नाव उच्चारण्यालाही संकोच होतो, तेथे एवढे लक्षात राहावे की दंतवैद्याने रक्त तपासावयास सांगितले तर तो चारित्र्यावरील आक्षेप नसतो. आज नियमित औषधांवर एचआयव्हीबाधित व्यक्ती दीर्घ आयुष्य जगते. उशीर तेवढा परवडत नाही.

तोंड आधी बोलते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात घेतला आहे. कोविडमधून उठलेल्या, मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड दिलेल्या कित्येक रुग्णांत म्युकरमायकोसिस बळावला. तो विषाणू नव्हे, बुरशी. पण तिला रान मोकळे मिळाले ते उतरलेल्या प्रतिकारशक्तीमुळेच. वरचे दात अचानक हलणे, टाळूवर काळा डाग पडणे, हिरडीतून पू येणे ही तिची आरंभीची लक्षणे होती. ती ओळखून जे लवकर गेले त्यांच्यापैकी अनेक वाचले. अनेकांना वरचा जबडा गमवावा लागला.

एका घरातील दोन औषधे

अण्णांना मिरजेत जे विषाणूरोधक औषध शिरेतून दिले गेले, त्याचे नाव अ‍ॅसायक्लोव्हिर. त्याच्या इतिहासात गर्ट्रूड एलियन या अमेरिकी संशोधिकेचे नाव येते. तिचा जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कमधला. ती १५ वर्षांची असताना तिचे आजोबा कर्करोगाने गेले आणि या रोगाशी झुंजावयाचे असे तिने ठरविले. डॉक्टरेट तिला कधीच पूर्ण करता आली नाही. १९४४ मध्ये ती बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांची सहायक म्हणून रुजू झाली. त्यांच्या कामातून रक्ताच्या कर्करोगावरील औषध निघाले. तेथूनच अझाथायोप्रिन आले, ज्याने शरीराची प्रतिकारशक्ती दाबून दुसऱ्याचे मूत्रपिंड स्वीकारणे शक्य केले. पुढे त्याच संशोधनगृहात अ‍ॅसायक्लोव्हिर तयार झाले आणि ते कसे काम करते हे एलियनच्या गटाने उलगडले. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय राहते. विषाणूने व्यापलेल्या पेशीत मात्र विषाणूचेच एक विकर त्याला कार्यान्वित करते. म्हणून ते घाव घालते तो मुख्यतः शत्रूवर. १९८८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एलियन आणि हिचिंग्ज यांना जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले.

यातील मर्म व्यापारी वाचकांना सहज कळेल. एका बाजूने जीव वाचविण्यासाठी प्रतिकारशक्ती खर्ची टाकावी लागते, तेव्हा दुसऱ्या बाजूने तिची तरतूद करावी लागते. प्रत्यारोपण, केमोथेरपी, संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, हे सर्व असे खर्च आहेत. खर्च टाळता येत नाही. तरतूद विसरणे टाळता येते.

उपचारापूर्वीची तरतूद

पहिली तरतूद दंतवैद्याकडे होते. कर्करोगाचे उपचार किंवा प्रत्यारोपण ठरले की घरात पैशांची, विम्याची, रुग्णालयातील खोलीची व्यवस्था लागते. तोंड मात्र यादीत नसते. वास्तविक किडलेली दाढ, हलणारा दात, हिरडीतील पू यांचा निकाल उपचार सुरू होण्यापूर्वीच लागला पाहिजे. दात काढावयाचा असेल तर जखम भरण्यासाठी साधारण दोन आठवडे हाती असावेत. कवळी टोचत असेल तर ती घासून नीट बसवून घ्यावी; टोचणारी कवळी रोज नवी जखम करते. उपचार चालू असताना मात्र कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय दातांचे कोणतेही काम काढू नये, कारण त्या दिवशी पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या पेशी किती आहेत, यावर सर्व अवलंबून असते.

दुसरी तरतूद रोजची. अतिशय मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत. एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा खुळखुळून थुंकावे. अल्कोहोल असलेली माउथवॉश वापरू नयेत, त्यांनी कोरडे तोंड अधिक कोरडे होते. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी. तंबाखू, सुपारी, पानमसाला यांना तर पूर्णविराम द्यावा. लाळ कमी होऊ देऊ नये. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते आणि तिच्यात जंतूंना रोखणारी द्रव्ये असतात. घोट घोट पाणी पीत राहणे हा तिला राखण्याचा साधा उपाय आहे.

तिसरी तरतूद पाहण्याची. रोज एकदा, उजेडात, घरातील एकाच व्यक्तीने ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. निरोगी माणसाचा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवावा, असा नियम आहे. प्रतिकारशक्ती उतरलेल्यांसाठी दोन आठवडे नाहीत. नवा फोड, नवा व्रण, पांढरा किंवा काळा चट्टा दिसला की त्याच दिवशी कळवावे.

व्रत आणि औषध

जैन घरांतील कित्येक नियम अशा रुग्णाच्या हिताचेच आहेत. पाणी उकळून पिणे, शिळे न खाणे, मध वर्ज्य मानणे, कोणाचे उष्टे न खाणे, एकाच पेल्याला अनेकांनी ओठ न लावणे, या गोष्टी रुग्णालयात छापील पत्रकावर सांगाव्या लागतात. येथे त्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. समाचाराला आलेल्या पाहुण्याच्या ओठावर पुरळ असेल, तर त्याने रुग्णाजवळ न बसणे हाही त्याच विवेकाचा भाग होय.

अडचण येते ती दुसऱ्या ठिकाणी. काही वडीलधारे उपवासाच्या दिवशी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत, चूळही भरत नाहीत, दात घासत नाहीत. अदंतधावन हा दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांपैकी एक आहे. तो मुनींचा आचार आहे, केमोथेरपी घेणाऱ्या गृहस्थाचा नव्हे. अ‍ॅसायक्लोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. पाणी कमी पडल्यास त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचून इजा होऊ शकते. हे औषध चालू असताना निर्जल राहणे म्हणून धोक्याचे आहे. सूर्यास्तानंतरची मात्रा, पाण्याची वेळ, यांविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलल्यास बऱ्याच वेळा मात्रांच्या वेळा जुळविता येतात. कॅप्सूलचे कवच बहुधा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते, म्हणून काही वृद्ध ती गुपचूप टाकून देतात. त्यांनीही ते सांगावे. अ‍ॅसायक्लोव्हिर साध्या गोळीच्या रूपात मिळते. लपविण्याने व्रतही पाळले जात नाही आणि औषधही पोटात जात नाही.

शास्त्राने ही वाट अडविलेली नाही. श्वेतांबर परंपरेत पच्चक्खाण घेतानाच आगार, म्हणजे अपवाद, उच्चारले जातात आणि तीव्र व्याधीत समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सोळा कारणभावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या मागे ‘शक्तीनुसार’ अशी अट आहे. शंका असेल तर महाराजसाहेबांना किंवा मुनिश्रींना विचारावे; पण विचारताना आजार पूर्ण सांगावा, अर्धा नव्हे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. त्याग तो, जो समजून आणि स्वेच्छेने केला जातो. तोंडातील जखमांमुळे घास गिळवत नाही म्हणून सुटलेले अन्न हे तप नव्हे. ती उपचार होऊ शकणारी वेदना आहे. घरच्यांनी तिला तप समजून हात जोडले, तर त्या वृद्धाला वेदना सांगण्याची वाटच उरत नाही. वजन घटते, अशक्तपणा वाढतो, पुढचा उपचार लांबतो आणि कर्करोगाला सवड मिळते. ज्या आजारातून माणूस उठू शकला असता, त्यात तो केवळ न सांगितलेल्या, न पाहिलेल्या व्रणांमुळे खचतो. पर्वाच्या दिवसांत ज्येष्ठांच्या ताटाकडे पाहताना म्हणून एक प्रश्न मनात असावा: हे नको आहे, की हे जमत नाही?

अण्णांच्या व्रणाचा नमुना तपासला गेला, हर्पिसचेच निदान झाले. तापासाठी प्रतिजैविके, विषाणूसाठी अ‍ॅसायक्लोव्हिर आणि वेदनेसाठी तोंड बधिर करणारा द्रव, असे चालले. पाचव्या दिवशी त्यांनी थंड पेज घेतली. सातव्या दिवशी ते घरी आले. चौथी खेप एक आठवडा पुढे गेली, एवढेच नुकसान झाले. अनंत चतुर्दशीला बस्तीत जाणे मात्र त्यांना जमले नाही.

क्षमावणीच्या दिवशी घरातील सर्वजण रीतीप्रमाणे एकमेकांची क्षमा मागत होते. धाकट्यांनी अण्णांना नमस्कार केला. थोरली सून वाकली तेव्हा अण्णांनी आधी स्वतःच हात जोडले. “दुखत होते आणि मी सांगितले नाही,” ते म्हणाले. “घराला वाटले मी व्रत करतो आहे, आणि मला ते ऐकायला बरे वाटले. त्याची क्षमा.”

त्यानंतर सुनेने मोबाइलचा दिवा लावला आणि रोजच्यासारखे म्हटले, “अण्णा, तोंड उघडा.” त्यांनी उघडले.